परक्या पाण्याची जिवाणी

१

आटपाडीत पाणकोबी जगवायची म्हणजे तव्यावर मासा पाळायचा, असं रायगोंडा मास्तर स्वतःच हसत हसत सांगायचा. त्यातून साल त्र्याहत्तरचं आणि महिना वैशाखाचा. हायस्कुलाची विहीर संक्रांतीलाच तळाला गेलेली, गावाला एक दिवसाआड टँकरचं पाणी, घरटी चार हंडे. अशा दिवसांत घरात पाण्यावर तरंगणारं झाड सांभाळायचं म्हणजे दुष्काळात तेरावा महिना. पण हौसेला मोल नसतं, आणि हौस बायकोची असली तर बोलायचीही सोय नसते.

कस्तुरी सांगलीची, कृष्णाकाठची. तीन वर्षांपूर्वी लग्न होऊन आली तेव्हा ट्रंक गाडीच्या टपावर आणि एनॅमलची खोल परात स्वतःच्या मांडीवर, अशी ती एस.टी.तून आली होती. परातीत नदीचं पाणी आणि त्यावर तळहाताएवढा हिरवा गड्डा. पानं मखमलीसारखी, मुळं खाली लोंबणारी, मातीशी काही देणंघेणं नाही. संध्याकाळी पानं मिटून उभी राहायची आणि सकाळी पुन्हा पसरायची.

या पाणकोबी बाईसाहेबांचं एक होतं. पाणी दोन बोटं कमी असलं तरी त्या चालवून घेत, पण हवा कोरडी झाली की पानांच्या कडा करपल्याच. रायगोंडा शास्त्र शिकवणारा माणूस. त्यानं मागच्या अंधाऱ्या खोलीत सगळी व्यवस्था लावली. खिडकीला ओलं पोतं. परातीखाली ओल्या वाळूचा थर. परातीवर जुन्या कपाटाची काच, तीही पूर्ण बसवायची नाही, काडेपेटीतल्या काडीएवढी फट ठेवायची. रोज सकाळी काच सरकवायची आणि आतून साचलेले थेंब फडक्यानं टिपायचे, कारण थेंब पानांच्या बेचक्यात पडले की गड्डा कुजतो. मग बोटांनी आजूबाजूला दोन शिंतोडे. भांडी विसळलेलं पाणी पोत्याला, गाळलेलं परातीला. दुष्काळी कामावर हजेरी घ्यायला सात वाजता निघायच्या आत तो एवढं सगळं उरकायचा.

एवढा खटाटोप नुसत्या हौसेपायी नव्हता. मागच्या वर्षी कस्तुरीचं पहिलं मूल तिसऱ्या महिन्यातच गेलं. त्यानंतर दोन महिने ती कोणाशी बोलली नाही, नुसती या परातीपाशी बसायची. आता पुन्हा दिवस गेले होते आणि सातवा लागला होता. पाणकोबी हिरवी राहिली तर हे मूल राहील, असं रायगोंडाच्या मनानं घेतलं होतं. हे त्यानं कोणाला सांगितलं नव्हतं. वर्गात न्यूटन शिकवणाऱ्यानं असं काही धरून बसू नये हे त्याला कळत होतं, पण कळणं वेगळं आणि रोज सकाळी धडधडत्या छातीनं काच उचलणं वेगळं.

२

दोघंही जैन. पाणी गाळल्याशिवाय पिणं नाही. दुहेरी फडक्यातून पाणी गाळायचं, मग फडकं उलटं करून गाळलेल्याच पाण्यानं धुवायचं आणि ते धुवण, म्हणजे जिवाणी, ज्या विहिरीचं पाणी असेल त्याच विहिरीत हलक्या हातानं परत सोडायची. फडक्यावर अडकलेले बारीक जीव आपापल्या घरी गेले पाहिजेत. सांगलीच्या घरी त्यासाठी बुडाला कडी असलेली, पाण्याला टेकली की अलगद उलटणारी वेगळी बादली होती. आटपाडीतही हायस्कुलाच्या विहिरीत कस्तुरी रोज जिवाणी सोडायची.

टँकर सुरू झाला तेव्हा पंचाईत झाली.

"आवं, ही जिवाणी सोडायची कुठं?" पहिल्याच दिवशी ती भांडं हातात धरून उंबऱ्यात उभी राहिली. "टँकर कुठनं भरून येतोय कुणाला ठाऊक. तापल्या मातीत ओतू? तडफडून मरतील की सगळी."

रायगोंडाला घाई होती. "मग परातीत सोड की. पाणीच हाय ते. तुझा धर्म बी राहिला आणि पाणकोबीला ओल बी मिळाली."

कस्तुरीनं क्षणभर परातीकडे पाहिलं. "परक्या पाण्यात सोडू नये म्हणत होती आई."

"आता दुष्काळात कसलं आपलं आणि कसलं परकं?" असं म्हणून तो सायकलवर बसला. आपण मोठी तोड काढली असंच त्याला दिवसभर वाटत राहिलं.

तेव्हापासून रोज वाटीभर जिवाणी परातीत जात होती. आज या विहिरीची, परवा त्या विहिरीची. पाणकोबी अशी फोफावली की महिन्याभरात एका गड्ड्याचे सात झाले.

आणि मग एका सकाळी काच पुसताना रायगोंडाचा हात थांबला. आतली बाजू पुसली तरी काच धुरकटच होती. त्यानं पुन्हा पुसली. मग त्याच्या लक्षात आलं की धुरकटपणा बाहेरच्या बाजूला आहे. सगळ्या काचेवरही नाही, कस्तुरी झोपली होती त्या पलंगाच्या बाजूला, कडेला रुपयाएवढा एकच गोल. तो बघत असतानाच गोल आक्रसला, जवळजवळ नाहीसा झाला, आणि परत पसरला.

काच आतून गार आहे, बाहेरची वाफ तिच्यावर धरली असणार, असं त्यानं स्वतःला समजावलं. आटपाडीच्या वैशाखात बाहेर वाफ कुठली, हे त्यानं स्वतःला विचारलं नाही. हजेरीला उशीर होत होता.

३

चार दिवसांत मिठाच्या बरणीत पाणी सुटलं. काडेपेटीच्या काड्या ओढल्या की पेटायच्या नाहीत, नुसत्या घसरायच्या. डब्यातले पापड कणकेसारखे मऊ झाले. अंगणात ढेकळं फुटत होती आणि मागच्या खोलीच्या भिंतीला हात लावला तर तळवा ओला व्हायचा.

दुसरा कोणी असता तर खूश झाला असता. रायगोंडाही आधी झाला. पोत्यावर आता पाणी मारावं लागत नव्हतं, म्हणजे दिवसाला तांब्याभर पाणी वाचत होतं. पण फुकट मिळालेल्या गोष्टीचा हिशेब शास्त्राच्या मास्तराला लागला नाही तर ती त्याच्या घशाखाली उतरत नाही. ओल आली कुठून? परातीतलं पाणी कमी होत नव्हतं. वाळू कोरडी ठणठणीत होती.

त्यानं हायस्कुलाच्या प्रयोगशाळेतून ओला-कोरडा तापमापक आणला. लाकडी पट्टीवर दोन नळ्या, त्यातल्या एकीच्या फुग्याला ओली चिंधी. हवा कोरडी असली की चिंधी वाळताना गार होते आणि ती नळी कमी आकडा दाखवते. दोन आकड्यांत फरक जितका जास्त तितकी हवा कोरडी. ओसरीत त्यानं बघितलं. एकीवर एकोणचाळीस, दुसरीवर बावीस. बरोबर.

मागच्या खोलीत पट्टी खुंटीला टांगून तो पंधरा मिनिटं थांबला. कस्तुरी पलंगावर बसून बाळंतविड्याची दुपटी शिवत होती. दोन्ही नळ्यांवर एकतीस.

"काय म्हणतंय तुमचं यंत्र?" तिनं विचारलं.

"ह्या खोलीत पावसाळा हाय म्हणतंय."

ती हसली. फार दिवसांनी इतकी मोकळी हसली. "मला बरं वाटतंय हितं. बाहेर गेलं की जीव सुकतो बघा."

तिला बरं वाटतंय, मग आपल्याला काय पाहिजे दुसरं, असं म्हणून रायगोंडानं पट्टी तिथंच राहू दिली. तरी येत्या रविवारी घड्याळ लावून पुन्हा मोजायचं, असं त्यानं ठरवलं.

४

रविवारी हजेरी नव्हती. कस्तुरी शेजारी साळूबाईकडे शेवया करायला गेली. साळूबाई म्हणजे घराची मालकीण, पलीकडच्या दोन खोल्यांत एकटी राहणारी म्हातारी. रायगोंडा मागच्या खोलीत घड्याळ घेऊन बसला. परात जागची हलली नव्हती. काच तशीच, पोतं तसंच.

दहा मिनिटांत ओल्या नळीचा आकडा खाली येऊ लागला. अर्ध्या तासात तो पंचवीसवर आला आणि कोरडीचा छत्तीसवर चढला. भिंत हाताला कोरडी लागली. तासाभरात पाणकोबीच्या एका पानाची कड तपकिरी झाली. ते पान त्याच्या डोळ्यांदेखत करपलं.

मग अंगणात कस्तुरीची पावलं वाजली. ती आत आली, हुश्श करून पलंगावर टेकली. रायगोंडा तिच्याकडे बघत नव्हता, नळीकडे बघत होता. ओल्या नळीचा पारा चढत गेला. सहा मिनिटांत दोन्ही नळ्या पुन्हा एका आकड्यावर.

परातीतले साती गड्डे पलंगाच्या बाजूला सरकले होते. वारा नव्हता.

म्हणजे ओल परातीची नव्हती. पाणकोबीनं खोली ओली केली नव्हती. तो तिला जगवत होता असं त्याला वाटत होतं, आणि तिला जगवणारं भलतंच काही होतं. रायगोंडाच्या तोंडचं पाणी पळालं.

"काय झालं ओ?" कस्तुरीनं त्याचा हात धरला. तिचा हात गार होता आणि ओला होता. घामानं ओला नव्हे, घामाला चिकटपणा असतो. आताच माठातून काढल्यासारखा होता.

५

दुसऱ्या दिवशी साळूबाईनं त्याला फाटकात अडवलं.

"मास्तर, रागावू नगासा. तुमची बायकू पानी पीत न्हाई."

"म्हणजे?"

"धा दीस झालं, मी बगतीया. तांब्या भरून ठिवती, सांजंला तसाच. इचारलं तर म्हनती, मला कशाला लागतंय. पोटुशी बाई, आन ह्या उनात! आन मास्तर..." म्हातारी जरा थांबली. "माजी सा बाळातपनं झाली. सातव्याचं प्वाट असं नसतंय. नवव्याचं बी नसतंय."

रायगोंडा तडक टँकर उभा राहतो त्या चावडीपुढं गेला. टँकरवाला अर्जुना चाकाच्या सावलीत तंबाखू मळत बसला होता.

"पाणी कुठनं भरून आणतोस रं?"

"एक जागा हाय व्हय, मास्तर? मिळंल तितनं. आट धा हिरी झाल्या आतापतुर."

"त्या मला दाखवशील?" परक्या पाण्यात सोडू नये हे सासूचं म्हणणं त्याला आठवत होतं, आणि त्याच्या डोक्यात एकच होतं. परात उचलायची, प्रत्येक विहिरीवर जायचं आणि जे जिथलं ते तिथं सोडायचं. कुठलं कुठल्या विहिरीचं हे ओळखणार कसं, हा प्रश्न होताच, पण निदान दारात तरी नेऊन सोडावं.

अर्जुना हसला. "दाकवीन की. पर सोडतासा कशात? आटल्या त्या. तळाला खडक उगडा पडलाय. काल शेवटली आटली, म्हनून तर आज टँकर रिकामा हुबा हाय."

ऊन डोक्यावर होतं. रायगोंडा तिथंच चाकापाशी बसला. घरी जायचं त्याला भय वाटत होतं, आणि न जावं तर ती तिथं एकटी होती. एकटी, हा शब्द खरा नाही हे मनात येताच तो उठून घराकडं निघाला.

६

तो आला तेव्हा कस्तुरी झोपली होती. त्यानं आवाज न करता काच भिंतीला टेकवून ठेवली, परात उचलली आणि परड्यात नेली.

आयुष्यात मुंगीवर पाय दिला नव्हता त्यानं. चातुर्मासात दिवा लावतानाही पाखरं येतील म्हणून हात मागं घेणारा माणूस.  तोंडानं नवकार मंत्र पुटपुटत त्यानं परात तापल्या मातीवर उपडी केली. पाणी क्षणात जिरलं. साती गड्डे उन्हात पडले आणि पाव तासात उकडलेल्या भाजीसारखे झाले. त्यानं कान देऊन ऐकलं. काहीतरी होईल असं त्याला वाटत होतं. काही झालं नाही. मातीवरचा ओला डागही वाळला.

परत खोलीत आला तेव्हा त्याची नजर आधी खुंटीवरच्या पट्टीवर गेली. दोन्ही नळ्या एकाच आकड्यावर होत्या.

मग त्यानं भिंतीला टेकवलेली काच पाहिली. ती पलंगाच्या कडेलाच उभी होती, झोपलेल्या कस्तुरीच्या पोटासमोर. काचेवर गोल धरले होते. एक नव्हे. चार आण्यांच्या नाण्याएवढे, हरभऱ्याएवढे, खालपासून वरपर्यंत, मोजता येणार नाहीत इतके. सगळे एकाच वेळी आक्रसले. सगळे एकाच वेळी पसरले.

"ओतलंत?" कस्तुरी जागी होती.

"व्हय." तो पलंगाच्या कडेला टेकला. "कस्तुरी, मला माफ कर."

"कशाला? बरं केलंत. त्यात आता कोण न्हवतं."

"मग गेलं कुठं?"

तिनं पदर पोटावरून ओढून घेतला, थंडीत पोराला पांघरूण घालावं तसा. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, भीती नव्हती. मागच्या वर्षी मूल गेलं तेव्हापासून जे तिच्या चेहऱ्यावरून पुसलं गेलं होतं, ते परत आलं होतं. तेच बघून रायगोंडाला रडू कोसळलं.

"सगळ्या हिरी आटल्या त्यांच्या," ती म्हणाली. "कुणीतरी जागा द्यायला नको व्हय?"

७

सकाळच्या पहिल्या गाडीनं त्यानं तिला सांगलीला आणलं. ती मुकाट्यानं आली. विट्याच्या पुढं गाडीतल्या काचा धुरकटल्या, कंडक्टरची तिकिटं एकमेकांना चिकटू लागली, आणि शेजारची बाई म्हणाली, गार वाटतंय बाई, कुठं वळीव झाला काय. रायगोंडा खिडकीबाहेर बघत बसला. त्याला वाटत होतं, सांगलीला डॉक्टर आहेत, यंत्रं आहेत, हळद बाजारातला मेहुणा वर्धमान आहे, चार माणसं आहेत. माणसं असली की काहीतरी उपाय निघतो.

आदल्या दिवशी केलेली तार मिळाल्यानं वर्धमान स्टँडवर टांगा घेऊन उभा होता. बहिणीचं पोट बघून त्याचं तोंड पांढरं पडलं. सरळ बाळंतपणाच्या दवाखान्यात नेलं. वर्धमान बाहेर कागद करायला थांबला. रायगोंडाला नर्सनं आत येऊ दिलं, कारण कस्तुरीनं त्याचा हात सोडला नव्हता.

नर्स पोक्त होती, हजारभर बाळंतपणं केलेली. तिनं लाकडी नळीचं एक टोक पोटावर ठेवलं, दुसऱ्याला कान लावला आणि डोळे मिटले. कपाळावर आठी आली. नळी डावीकडं सरकवली. मग उजवीकडं. मग वर, बरगड्यांपाशी, जिथं काही असायलाच नको होतं.

"जुळं हाय म्हणून कुणी सांगितलं होतं का?"

"न्हाई," रायगोंडा म्हणाला.

तिनं पुन्हा नळी लावली. या वेळी ती बोटांवर मोजत होती. एक हात संपला. दुसरा संपला. मग तिनं मोजणं सोडलं, नळी तशीच गादीवर ठेवली आणि साडीला हात पुसत दाराकडं गेली. हात ओले झाले होते तिचे. "डॉक्टरीणबाईंना बोलावते," ती म्हणाली, पण तिच्या जाण्यात बोलावण्याची घाई नव्हती, पळण्याची होती.

रायगोंडानं नळी उचलली. ऐकू नये हे त्याला कळत होतं. बाप होता, म्हणून त्यानं कान लावला.

ठोका असा नव्हताच. पत्र्यावर बारीक पाऊस पडावा तसं होतं, दूरवर, दाट, न थांबणारं. त्यानं श्वास रोखला तेव्हा ते थांबलं. सगळं एकदम थांबलं. पलीकडूनही कोणी कान लावावा तसं.

त्यानं डोकं वर केलं. कस्तुरी त्याच्याकडे बघत होती. तिचे डोळे भरून आले होते, आणि ते सुखानं की भयानं हे त्याला ओळखता येईना. तिनं गार, ओल्या हातानं त्याचे केस मागं सारले.

"आवं," ती हळूच म्हणाली, "एवढ्यांना नावं कुठनं आणायची?"

रायगोंडानं तिचा हात धरला.  बाहेर व्हरांड्यात पावलं वाजत होती आणि ती दूर जात होती. त्याला एकही नाव आठवेना.